चार हजारांत पाच कमी

ब्रेझाची लांबी ३९९५ मिलिमीटर. नेक्सॉनची ३९९५. व्हेन्यू, सोनेट, सायरॉस, कायलॅक, फ्रॉन्क्स या सगळ्यांची ३९९५. महिंद्राची थ्री-एक्स-ओ तेवढी फुटून निघाली, ती ३९९०. या गाड्या काढणाऱ्यांत जपानी घराण्यातली कंपनी आहे, कोरियन आहेत, चेक आहे, दोन आपल्या आहेत. एकमेकींचं गिऱ्हाईक पळवण्यासाठी त्यांची रोज झटापट चालते. मग लांबीच्या बाबतीत एवढं एकमत कसं? यंत्रशास्त्रात अशी कुठलीही लक्ष्मणरेषा नाही. ती आहे केंद्रीय अर्थसंकल्पात. कॉम्पॅक्ट एसयूव्ही नावाच्या या सबंध जातीचा तोंडवळा, इंजिन, आतली जागा आणि किंमत या चारही गोष्टी त्या रेषेपासून सुरुवात करून वाचल्या, तरच नीट उलगडतात.

२००६ सालच्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी लहान मोटारींवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. लहान कुणाला म्हणायचं, त्याच्या अटी घातल्या. लांबी ४००० मिलिमीटरच्या वर नको. इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसी आणि डिझेलचं असेल तर १५०० सीसीपेक्षा मोठं नको. छोट्या गाड्या बनवणारं जगाचं केंद्र भारतात व्हावं, असा त्यामागचा हेतू होता. तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हॅचबॅक होती. या सवलतीतून एसयूव्हीची एक नवी जात जन्माला येईल, असं कुणाच्या स्वप्नातही नसावं.

करामुळे मोटारीचा आकार ठरणं हे काही आपल्याकडेच घडलेलं नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये मोटारीवरचा कर सिलिंडरच्या व्यासावरून काढत. साहजिकच तिथली इंजिनं अरुंद आणि लांब स्ट्रोकची होत गेली. इटलीत दोन लिटरच्या वरच्या इंजिनावर जबर कर बसायचा, तर फेरारीसारख्या कंपनीनेही खास घरच्या बाजारासाठी दोन लिटरच्या आतलं इंजिन बसवलं. जपानची केई मोटार तर ६६० सीसी आणि ३.४ मीटर या चौकटीतच वाढली. आपल्या चौकटीतून मात्र रुबाबदार दिसू पाहणारी गाडी निघाली.

सवलतीचा पहिला मोठा फायदा सेडानने घेतला. २००८ मध्ये टाटांनी इंडिगोची शेपटी कमी करून इंडिगो सीएस आणली आणि मागे डिकी असलेली गाडी चार मीटरमध्ये बसू शकते हे दाखवून दिलं. पुढच्याच वर्षी चिंचवडच्या प्रीमियरने, म्हणजे पद्मिनीवाल्या प्रीमियरने, रिओ काढली. ती मुळात चीनच्या झोट्ये कंपनीची आणि त्याही आधी दायहात्सूची रचना. चार मीटरच्या आतली आपली पहिली एसयूव्ही हीच, पण आज ती कुणाला आठवत नाही. २०१२ मध्ये नाशिकला महिंद्राने झायलो मागून कापून क्वांटो केली. समोरून पाहावं तर मोठी गाडी, बाजूने पाहावं तर अर्ध्यात सोडलेलं वाक्य.

बाजार खऱ्या अर्थाने फिरला तो फोर्डच्या इकोस्पोर्टमुळे. जानेवारी २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती दिसली आणि जून २०१३ मध्ये ५.५९ लाखांपासून विक्रीला आली. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवरचं उत्पादन शुल्क २७ वरून ३० टक्के झालं होतं. पण तिथे एसयूव्हीची व्याख्या होती: लांबी ४००० मिलिमीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर आणि जमिनीपासून उंची किमान १७० मिलिमीटर. ती व्याख्या पुढे जीएसटीतही टिकली. म्हणजे दिसायला एसयूव्ही, नावाला एसयूव्ही, जाहिरातीत नदीनाले ओलांडणारी एसयूव्ही. कराच्या वहीत मात्र छोटी मोटार. थारचंच बघा. तीन दारांची थार ३९८५ मिलिमीटर लांब आहे. २०२३ च्या जानेवारीत तिला १४९७ सीसीचं डिझेल इंजिन आणि फक्त मागच्या चाकांचा ड्राइव्ह देऊन नवी आवृत्ती काढली, आणि सगळ्यात राकट चेहऱ्याची ही गाडी सरकारदरबारी हॅचबॅकच्या रांगेत जाऊन बसली.

आता रचनाकाराची अडचण लक्षात येईल. गाडी उंच हवी, नाक उभं हवं, बॉनेट आडवं नि भारदस्त हवं, चाकं मोठी हवीत. आत पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा. आणि एवढं सगळं स्विफ्टपेक्षा वीतभरही जास्त नसलेल्या लांबीत! उंची १६०० मिलिमीटरच्या पुढे गेली आणि लांबी चार मीटरला अडली, की गाडी बुटकी आणि फुगलेली दिसू लागते. ते लपवण्यासाठी जे उपाय निघाले, त्यांनाच आपण आज या गाड्यांची स्टाइल म्हणतो. चाकांभोवती काळ्या प्लॅस्टिकची कड लावली की चाक आहे त्यापेक्षा मोठं वाटतं. दारांच्या तळाशी तीच काळी पट्टी फिरवली की पत्र्याचा रंगीत भाग वर उचलला जातो आणि गाडी उंच भासते. खिडक्या अरुंद केल्या की दारं जाडजूड, मजबूत दिसतात. मागचा खांब काळा केला की छप्पर तरंगतंय असं वाटून लांबी वाढल्याचा भास होतो. छतावरच्या दांड्या तर पुष्कळ गाड्यांवर निव्वळ शोभेच्या असतात. सामान बांधायच्या आधी पुस्तिका वाचलेली बरी.

या खेळात नेक्सॉनने २०१७ मध्ये वेगळी चाल खेळली. बाकीच्या गाड्या खोक्यासारख्या उभ्या असताना तिने मागे उतरत जाणारं, कूपेसारखं छप्पर घेतलं. त्या वेळी टाटांच्या डिझाइन विभागाचे प्रमुख प्रताप बोस होते. २०२१ मध्ये ते महिंद्रात गेले आणि थ्री-एक्स-ओ २०२४ मध्ये आली ती त्यांच्याच विभागातून. रस्त्यावर एकमेकींना भिडणाऱ्या दोन गाड्यांमागे असा एकच माणूस आहे. उतरत्या छपराची किंमत मात्र मागच्या काचेला मोजावी लागते. रिव्हर्स घेताना आरशापेक्षा कॅमेऱ्यावर भिस्त ठेवावी लागते. ब्रेझाचं खोकं मला अधिक प्रामाणिक वाटतं. सरळ छप्पर, सरळ काच, उंच माणसाचं डोकं कुठे टेकत नाही. देखणी म्हणून तिला कुणी बक्षीस देणार नाही, पण चार मीटरमध्ये जागा वाचवायची तर खोक्याला तोड नाही. कियाने सायरॉसमध्ये नेमकं हेच टोकाला नेलंय. ती बघून लोक नाकं मुरडतात, मग मागच्या सीटवर बसतात आणि गप्प होतात.

दिव्यांची नवी पद्धत मला अजून पटलेली नाही. वर बॉनेटच्या कडेला दिवसा जळणारी बारीक पट्टी आणि खरा हेडलॅम्प खाली बंपरमध्ये, अशी मांडणी व्हेन्यूने रुळवली आणि नव्या नेक्सॉननेही घेतली. त्यामुळे चेहरा उंच आणि करारी दिसतो हे खरं. पण आपल्या शहरांत गाडीला पहिला धक्का बंपरलाच बसतो, आणि एलईडीचा अख्खा दिवा बदलायचा म्हणजे काय खर्च येतो, हे विमा कंपनीलाही ठाऊक आहे.

इंजिनांचे आकडे बघताना तर हसू येतं. ११९७, ११९९, ९९८, ९९९. सगळे मर्यादेच्या आतच थबकलेले. बाराशे सीसीत एवढी उंच आणि अकराबाराशे किलोच्या वरची गाडी ओढायची कशी, याला दोनच उत्तरं आहेत. एक म्हणजे साधं इंजिन ठेवा आणि शहरापुरतं समाधान माना. व्हेन्यूचं साधं ११९७ सीसी इंजिन ८३ पीएस ताकद आणि ११४ न्यूटन मीटर टॉर्क देतं. दुसरं म्हणजे टर्बो लावा. त्याच व्हेन्यूचं ९९८ सीसीचं टर्बो इंजिन आकाराने लहान असूनही १२० पीएस आणि १७२ न्यूटन मीटर देतं. नेक्सॉनचं ११९९ सीसी टर्बो १२० पीएस आणि १७० न्यूटन मीटर, कायलॅकचं ९९९ सीसी ११५ पीएस आणि १७८, आणि थ्री-एक्स-ओचं वरचं ११९७ सीसी इंजिन १३१ पीएस आणि २३०.

यातला पीएसचा आकडा शोरूममध्ये सांगतात, पण घाटात कामाला येतो तो टॉर्क, आणि तो किती आरपीएमला मिळतो हे त्याहून महत्त्वाचं. साध्या पेट्रोल इंजिनाचा पूर्ण जोर चार हजारांच्या आसपास येतो; टर्बोचा पावणेदोन हजारांतच येतो. पाच माणसं, एसी चालू आणि पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट अशी वेळ आली, की साध्या बाराशेला सारखं दुसऱ्या गिअरवर यावं लागतं. त्यात उंचीवर हवा विरळ होते. साधं इंजिन दर हजार मीटरला सुमारे दहा टक्के ताकद गमावतं आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. टर्बो हवा दाबून भरत असल्याने ही तूट बरीचशी भरून काढतो. पण त्याचीही दुखणी आहेत. यातली बहुतेक टर्बो पेट्रोल इंजिनं तीन सिलिंडरची आहेत, म्हणून सिग्नलला उभं राहिल्यावर स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवते. अगदी कमी वेगात टर्बो जागा होईपर्यंत क्षणभर पोकळी असते, आणि बंपर-टू-बंपर गर्दीत अ‍ॅव्हरेज झपाट्याने खाली येतं. कधीतरी घाट आणि रोज गर्दी असा ज्यांचा दिनक्रम आहे, त्यांनी टर्बोच्या जाहिरातीला भुलू नये.

ब्रेझाची कथा या सगळ्यांहून निराळी आहे. मार्च २०१६ मध्ये ती आली तेव्हा फक्त डिझेलवर मिळायची. इंजिन १२४८ सीसीचं, मूळ फियाटचं मल्टिजेट. हे इंजिन मारुती, टाटा, फियाट अशा इतक्या बॉनेटांखाली होतं की त्याला गमतीने भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणत. आपल्या रांजणगावलाही ते बनायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, डिझेलचा धूर स्वच्छ करण्याचा खर्च परवडेना, आणि मारुतीने डिझेलच सोडून दिलं. ब्रेझाला मग १४६२ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मिळालं. शांत, टिकाऊ, अ‍ॅव्हरेजला चांगलं. मर्यादेपेक्षा फक्त २६२ सीसी जास्त! लांबीची अट पाळूनही इंजिनाची मोडली, म्हणून सवलत गेली. जीएसटी आणि सेस मिळून ब्रेझावर ४५ टक्के कर लागत होता, तर तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बाराशेच्या आतल्या पेट्रोल गाडीवर २९ टक्के. तरीही ब्रेझा खपत राहिली. मारुतीने नफ्यात काय सोसलं ते कंपनीला ठाऊक. गिऱ्हाइकाला मात्र तीन सिलिंडरच्या टर्बोपेक्षा चार सिलिंडरचं जुनं, ओळखीचं इंजिन आणि तालुक्याच्या गावी असलेलं सर्व्हिस स्टेशन जास्त मोलाचं वाटलं.

डिझेल अजून नेक्सॉन, थ्री-एक्स-ओ, व्हेन्यू, सोनेट आणि सायरॉस यांच्यात मिळतं. सगळी दीड लिटरच्या आतली. ताकद ११५ पीएसच्या आसपास, पण टॉर्क २५० ते ३०० न्यूटन मीटर; भरलेली गाडीही घाटात सहज चढते. हिशोब मात्र कागदावर मांडावा. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर धरू. पेट्रोल गाडी १५ आणि डिझेल २० किलोमीटर देते असं समजू. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला सुमारे ६.९० रुपये, डिझेलचा साडेचार. फरक २.४० रुपयांचा. डिझेल गाडी घरी येईपर्यंत दीड लाखाने महाग पडली, तर तो फरक वसूल व्हायला बासष्ट हजार किलोमीटर लागतात. महाराष्ट्रात रस्ता कर भरतानाही डिझेलला दोन टक्के जादा मोजावे लागतात: दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३. आणि एक बाब विक्रेते बोलत नाहीत. बीएस-६ डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जाळायला गाडी अधूनमधून सलग वेगात पळावी लागते. रोज चार किलोमीटरवरची शाळा आणि मंडई एवढंच ज्या गाडीच्या नशिबात आहे, तिच्यात डिझेल घेणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

सीएनजीबद्दल थोडक्यात. टाकी डिकी खाते, हा सर्वांचा अनुभव. टाटांनी एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाला आडव्या ठेवल्या, म्हणून नेक्सॉनच्या सीएनजीतही ३२१ लिटरची डिकी उरते.

आता आकार. बाहेरची लांबी सगळ्यांची सारखी, तेव्हा ती विचारण्यात अर्थ नाही. विचारायचा तो व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. नेक्सॉन २४९८ मिलिमीटर, ब्रेझा आणि सोनेट २५००, नवी व्हेन्यू २५२०, सायरॉस २५५०, कायलॅक २५६६ आणि थ्री-एक्स-ओ २६००. म्हणजे बाहेरून सारख्याच गाड्यांत आत दहा सेंटिमीटरचा फरक आहे, आणि मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना तो कळतो. पण चार मीटर म्हणजे चार मीटर. एकीकडे दिलं की दुसरीकडून काढावंच लागतं. थ्री-एक्स-ओच्या आधीची एक्सयूव्ही ३०० हे त्याचं ठळक उदाहरण. ती कोरियाच्या सँगयाँग टिवोलीच्या सांगाड्यावर बेतलेली. टिवोलीची लांबी ४.२ मीटर. व्हीलबेस होता तेवढाच ठेवून महिंद्राने मागचं टोक कापलं. माणसं ऐसपैस बसली, आणि डिकी उरली २६० लिटरच्या आत. चौघांचं कुटुंब चार दिवस कोकणात जायचं म्हटलं की बॅगा मांडीवर. थ्री-एक्स-ओमध्ये डिकी वाढली आहे, तरी हे या गाडीचं जुनं दुखणं आहे.

डिकीचे आकडे मात्र जपून वाचावेत. कुणी मागच्या फळीपर्यंत मोजतं, कुणी छपरापर्यंत. कायलॅकचे ४४६ लिटर, नेक्सॉनचे ३८२ आणि ब्रेझाचे ३२८ एकाच मापाने मोजलेत असं समजू नये. शोरूमला जाताना घरातली सगळ्यात मोठी सूटकेस बरोबर न्यावी. सेल्समन जरा चमकतो, पण दोन मिनिटांत निकाल लागतो.

रुंदीकडे लोक बघतच नाहीत, आणि मागे तीन माणसं बसणार असतील तर तीच निर्णायक. थ्री-एक्स-ओ १८२१ मिलिमीटर, नेक्सॉन १८०४, ब्रेझा १७९०, कायलॅक १७८३. याच्या शेजारी मोठी समजली जाणारी क्रेटा ठेवा: लांबी ४३३० आणि रुंदी १७९०. ब्रेझाइतकीच! वाढलेले तेहेतीस सेंटिमीटर पायांना आणि डिकीला मिळतात, तिसऱ्या माणसाच्या खांद्याला काही मिळत नाही. घरात आजी-आजोबा आणि नातवंड मागे बसणार म्हणून मोठी गाडी घ्यायची ठरवणाऱ्यांनी हा आकडा आधी बघावा.

छोटी म्हणून गाडी कच्ची असते, हा समजही २०१८ मध्ये मोडला. ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली ती नेक्सॉनच, रांजणगावची. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप सुरू झाली. तिच्यात नाशिकच्या थ्री-एक्स-ओने आणि चाकणच्या कायलॅकनेही पाच तारे मिळवले. नवी व्हेन्यू तळेगावच्या कारखान्यात बनते. या जातीचा मोठा हिस्सा महाराष्ट्रातच घडतो आहे.

किंमत शेवटी ठेवली, कारण सगळं तिच्याच पोटी झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. छोट्या मोटारींवर आता सरसकट १८ टक्के, बाकी सगळ्यांवर ४०, आणि सेस गेला. कारखान्यातून आठ लाखांना निघालेली गाडी १८ टक्क्यांनी ९.४४ लाखांची होते आणि ४० टक्क्यांनी ११.२० लाखांची. पावणेदोन लाखांचा हा फरक लांबीचे काही मिलिमीटर किंवा इंजिनाचे काही सीसी ठरवतात. ब्रेझाचा कर ४५ वरून ४० वर आला खरा, पण शेजारणींचा २९ वरून १८ वर. आधी अंतर १६ टक्क्यांचं होतं, आता २२ चं. कर कमी होऊनही ब्रेझा तुलनेने मागे पडली.

नव्या दरांनंतर या वर्गातल्या बहुतेक गाड्यांची एक्स-शोरूम किंमत सात ते सव्वाआठ लाखांच्या दरम्यान सुरू होते. निस्सान मॅग्नाइटसारखी एखादी त्याहून बरीच खाली. पण सुरुवातीच्या किमतीची गाडी घेतं कोण? सनरूफ हवं, मोठा स्क्रीन हवा, टर्बो हवा, ऑटोमॅटिक हवी, असं म्हणत माणूस तेरा लाखांवर पोचतो, आणि तिथे क्रेटाच्या वर्गातल्या मधल्या गाड्या उभ्या असतात. या वर्गाची खरी मजा मधल्या व्हेरिअंटमध्ये आहे: सहा एअरबॅग, मागचा कॅमेरा, मॅन्युअल गिअर. विदर्भाच्या मे महिन्यात सनरूफ कोण उघडणार आहे?

विजेच्या गाड्यांना ही चौकट लागू नाही. त्यांच्यावर ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्केच जीएसटी आहे, मग गाडी कितीही लांब असो. २०२३ च्या सुरुवातीला महिंद्राने एक्सयूव्ही ३०० च्याच सांगाड्यावर विजेची एक्सयूव्ही ४०० आणली. व्हीलबेस तोच, २६०० मिलिमीटर. पण लांबी ४२०० मिलिमीटर, म्हणजे टिवोलीइतकी, आणि डिकी साडेतीनशे लिटरच्या वर.